उद्यान क्रमांक सातचा पाहण्याचा कार्यक्रम

माणसानं आयुष्यात एकदा तरी सरकारी प्रपत्र अगदी खरंखरं भरून पाहावं. एकदाच. दुसऱ्यांदा भरायची हिंमत राहत नाही, आणि ज्यानं एकदाही भरलं नाही त्याला भगवानरावांचं दुःख समजायचं नाही.

भगवानराव म्हणजे नगररचना खात्यातले निवृत्त अनुरेखक. आता अनुरेखक म्हणजे काय? साहेबानं काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर गिरवायचा आणि त्यात रंग भरायचे. घरांना पिवळा, दुकानांना निळा, बागेला हिरवा. चौतीस वर्षं बुलढाण्याला एका स्टुलावर बसून त्यांनी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना बागा दिल्या. त्यांचा हिरवा असा सपाट बसायचा, की साहेब लोक त्यावर बोट फिरवून पाहायचे. त्या बागा पुढं जमिनीवर उगवल्या की नाही, हे पाहायला मात्र अनुरेखकाला कोणी पाठवत नसतं, आणि भगवानरावही आपणहून कधी गेले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या तालुक्याच्या गावी घर बांधायचं ठरवलं. गावाचं नाव विचारू नका. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, तुमचा ज्याच्यावर राग असेल तो समजा. तिथल्या नवजीवन कॉलनीत चार प्लॉट विकायला होते. भगवानरावांनी नकाशा उलगडला, एका प्लॉटच्या समोर हिरवा चौकोन पाहिला, आणि तोच घेतला. चौकोन त्यांनीच रंगवलेला होता.

"एकदा जागा तं पाहून या," शालूबाई म्हणाल्या होत्या.

"नकाशा पाह्यला ना."

"मंग नकाशातच राहू आपण."

शालूबाई म्हणजे भगवानरावांच्या पत्नी, हे वेगळं सांगायला नकोच. असं बोलायचा हक्क दुसऱ्या कोणाला असणार?

त्या हिरव्या चौकोनात प्रत्यक्षात काय होतं, ते सांगतो. कमरेएवढं गाजरगवत होतं. कोण्या ठेकेदारानं टाकलेला गिट्टीचा ढीग होता. त्याला तो न्यायची आठवण झाली नव्हती आणि कोणी करूनही दिली नव्हती. आणि पलीकडच्या गल्लीतल्या गोजरबाईची म्हैस होती. म्हशीसाठी गोजरबाईनं मधोमध सागाचा खुंटा ठोकला होता, आणि त्या जागेवरचं सगळ्यांत पक्कं बांधकाम तेवढंच होतं. पाच वर्षं भगवानरावांनी हे खिडकीतून पाहिलं आणि कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. आपल्या रंगाची बदनामी आपणच कशी करायची?

पण मागच्या दिवाळीत शालूबाईंना लकव्याचा झटका आला. चकल्या तळता तळता बसल्या जागी कलंडल्या. डावी बाजू गेली. हात महिनाभरात परत आला. जीभ दोन दिवसांत परत आली. त्याबद्दल भगवानरावांनी देवाचे हात जोडून आभार मानले, आणि आठवड्याभरानं त्यातले थोडे परत घेतले. पाय मात्र अडून बसला. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास चालवा. सपाट जमीन पाहिजे, मोकळी जागा पाहिजे. सहा महिन्यांत पाय जेवढा परत येईल तेवढा आपला. त्यानंतर फार आशा धरू नका."

सहा महिने. भगवानरावांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात वैशाखातल्या एका तारखेला गोल केला आणि काठी आणली.

आता चालवायचं कुठं? कॉलनीच्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपासाठी दसऱ्याला नाली खोदली होती. पाइप अजून यायचा होता. पहिल्या दिवशी कुत्रं आडवं आलं. दुसऱ्या दिवशी फटफटी अंगावरून गेली. तिसऱ्या दिवशी शालूबाई नालीच्या काठावरून घसरल्या आणि मांडीएवढ्या खड्ड्यात बसल्या. दोघा-तिघांनी उचलून घरी आणलं. लागलं फार नव्हतं, पण त्या दिवसापासून त्यांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. घरातच देवघरापासून फ्रिजपर्यंत चालायच्या. अकरा पावलं. अकरा पावलं झाली की वळायचं, आणि वळताना पाय अडकायचा.

"घाण्याचा बैल हाय का मी?" एक दिवस त्या फ्रिजला धरून म्हणाल्या. "समोर एवढी मोठी जागा पडून राह्यली. म्हशीले फिराले जागा हाय, मले नाही."

हे भगवानरावांना लागलं. चांगलंच लागलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते नगरपालिकेत गेले.

नगरपालिकेत उद्यान विभाग म्हणजे राजकुमार. जन्म-मृत्यूचे दाखले, मोकाट जनावरं आणि उद्यानं अशी तीन टेबलं त्याच्या एकट्याकडं होती, आणि टेबल एकच होतं. पोरगा स्वभावानं चांगला. आलेल्या माणसाला आधी चहा पाजायचा, मग नाही म्हणायचा.

"काका, क्रमांक सात ना? तुमची बाग तं झाली." त्यानं रजिस्टर काढलं. "हे पाहा. तीनशे चाळीस झाडं. जगल्याचं प्रमाण ब्याण्णव टक्के. एकशे ऐंशी मीटर चालाचा रस्ता. सहा बाक."

"अरे बाबू, मी समोर राह्यतो तिच्या."

"मंग तं तुमची मजाच हाय."

"तथी म्हैस हाय फक्त!"

राजकुमारनं दाराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "मले माहीत नाही का काका? मोकाट जनावरं माह्याकडंच हायत. पण झालेल्या बागेले पुन्हा मंजुरी कशी मांगू? ती नाही असं आधी कोणीतरी लिहून द्याले पाह्यजे. मी लिहिलं तं मी गेलो." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही लिहा ना!"

शासनाचं 'हरित नगर मूल्यांकन' आलं होतं. गावात बागा किती, कशा, माणशी हिरवळ किती, याचं मोजमाप करून शंभरपैकी गुण द्यायचे. त्यासाठी प्रत्येक नगराला एक नागरिक मूल्यांकनकर्ता हवा होता: निवृत्त, तांत्रिक, आणि बिनपगारी. पहिल्या दोन अटींचे लोक गावात बरेच होते, तिसऱ्या अटीला सगळे गळाले होते. अर्ध्या तासात भगवानरावांच्या गळ्यात निळ्या नाडीचं ओळखपत्र आलं. फोटो नव्हता, चौकट होती. तरी घरी जाताना त्यांनी ते सदऱ्याच्या आत टाकलं नाही.

मोजायचं म्हटलं तर टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. शेजारचे अब्दुल गनी आले. गनीभाईंची गावाबाहेर नर्सरी. रोपं विकणं हा त्यांचा धंदा आणि सल्ला फुकट.

"भगवानभाऊ, एक सांगू? खरं लिहू नका."

"मंग खोटं लिहू?"

"तौबा! खोटं काऊन लिहिता? 'अंशतः' लिहा. झाड हाय का? अंशतः. बाक हाय का? अंशतः. तीस वर्षांत मी कोण्या सायबाले 'अंशतः'वर चिडलेला पाह्यला नाही."

पण भगवानराव ऐकणारे नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी रेघेबाहेर रंग जाऊ दिला नव्हता. दोघांनी उन्हातान्हात गावच्या अकराच्या अकरा बागा मोजल्या. क्रमांक दोनमध्ये झोपाळ्याच्या साखळ्या होत्या, फळी नव्हती. क्रमांक पाचच्या जागी पाण्याची टाकी उभी होती; टाकीला हिरवा रंग होता, त्याचे गुण द्यावेत का, यावर गनीभाईंचं मत वेगळं पडलं. क्रमांक नऊ शोधताना दोघं एका मंगल कार्यालयात शिरले, वधूपक्षाचे समजून त्यांना जेवायला बसवलं, आणि जिलबी वाढून झाल्यावर कळलं की क्रमांक नऊ म्हणजे हेच. भगवानरावांनी जिलबी तशीच ठेवली. गनीभाईंनी 'अंशतः' खाल्ली.

आठ दिवसांनी हिशेब निघाला. सगळ्या गावाची खरी हिरवळ, भागिले लोकसंख्या. माणशी जे उत्तर आलं, ते भगवानरावांनी तीनदा तपासलं. तरी ते जेवायच्या पाटाएवढंच राहिलं.

"एका माणसाच्या वाट्याले एक पाट येते," ते शालूबाईंना म्हणाले.

"मंग माह्यावाला पाट आणून द्या घरी. मी त्याच्यावर उभी राह्यते."

उद्यान क्रमांक सात या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. अगदी गोल, सुरेख शून्य. खाली सही केली आणि फार दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

झोप चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी राजकुमार घामाघूम होऊन दारात उभा. "काका, लफडं झालं. नगरपालिकेनं तीनशे चाळीस झाडं लिहिली, तुम्ही शून्य लिहिलं. वरचे लोक म्हणतात, एवढा फरक कसा? गुरुवारी पथक येऊन राह्यलं. सातच पाहणार हाय."

"पाहू दे की. मले तेच पाह्यजे."

राजकुमार तिथून शेजारी गनीभाईंकडं गेला, तिथून पुढच्या घरी, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं, की भगवानरावांनी आपल्याच कॉलनीला शून्य दिलं.

मग जे झालं ते नीट समजून घ्या, कारण त्यात कोणाचं कपट नव्हतं. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडं काय होतं? शेजारचा सोफा येतो. वरच्या मजल्यावरचे पडदे येतात. काकूनं केलेले पोहे मुलीनं केले म्हणून पुढं होतात. पाहुण्यालाही ते माहीत असतं. त्याच्या घरीही असंच झालेलं असतं. पाहुण्याला उघडं घर दाखवणं हाच खरा अपमान. तेव्हा पथक येणार म्हटल्यावर कॉलनीनं तेच केलं. कोणी सांगावं लागलं नाही.

"आपल्या घरची गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडतेत का, भाऊ?" एक एक जण येऊन भगवानरावांना सुनावून गेला. कोणी म्हणालं, प्लॉटचे भाव पडतील. कोणी म्हणालं, पोरींच्या सोयरिकी अडतील; ज्या कॉलनीला सरकारनंच शून्य दिलं, तिथं कोण मुलगा पाठवेल? गोजरबाईचं म्हणणं सगळ्यांत सरळ होतं. "माही म्हैस तुमच्या डोळ्यात सलत होती तं तोंडानं सांगाचं होतं. दिल्लीपर्यंत लिहून काय पाठवलं?"

बुधवारी सकाळपासून उद्यान क्रमांक सात सजायला लागलं. गवत कापलं. गिट्टी शाळेच्या मागं गेली. म्हैस भावाच्या घरी गेली. घराघरातून तुळशी, मोगरे, कोरफडी, पत्र्याच्या डब्यातली गुलाबं आली. गनीभाईंनी नर्सरीतून दोनशे रोपं आणून पिशव्यांसकट मातीत पुरली. मांडववाल्यानं हिरवे गालिचे अंथरले. दुसऱ्या रस्त्याच्या कामावर चाललेला मुरूम राजकुमारनं हातापाया पडून इकडं वळवला, वर रोलर फिरवला, आणि चौकोनाच्या कडेनं एकशे ऐंशी मीटर लाल सपाट वाट तयार झाली. बाक मात्र कुठं मिळेनात. शेवटी स्मशानभूमीतून सहा आले, पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेले.

"हे सगळं खोटं हाय, राजकुमार," भगवानराव म्हणाले. म्हणताना त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढं केलं.

"खोटं कसं, काका? झाडं खरी हायत. बाक खरे हायत. फक्त अथले नाहीत."

भगवानरावांनी ठरवलं होतं. पथक आलं की प्रत्येक पिशवी उपटून दाखवायची. रात्री त्यांनी तसं भाषणही मनात जुळवलं.

गुरुवारी सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले, तर शालूबाई घरात नव्हत्या. देवघरात नाही, फ्रिजजवळ नाही. दार उघडं होतं. धावत ओट्यावर आले आणि तिथंच थांबले.

शालूबाई समोर त्या लाल वाटेवर चालत होत्या. एकट्या. हातात काठी, पदर खोचलेला. उजवा पाय पडायचा, मग डावा मागून फरफटत यायचा, मग पुन्हा उजवा. पहिल्या कोपऱ्यावर त्या थांबल्या नाहीत. वळणं तिथं रुंद होती, अडकायला काही नव्हतं. दुसरा कोपरा झाला. तिथं एका बाकावर टेकल्या, मागं वळून नाव वाचलं आणि म्हणाल्या, "सरका व गंगाबाई, बसू द्या जरा." दम खाल्ला आणि पुन्हा उठल्या. तिसऱ्या कोपऱ्यानंतर तो डावा पाय, चार महिने घर झाडत फिरलेला पाय, जमिनीवरून सुटला. थोडासाच.

"आहो! पाह्यलं का?" तिथूनच त्या ओरडल्या. "उचलून राह्यला हा! आपोआप उचलून राह्यला!"

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि बायकोचा एवढा खुललेला चेहरा कधी पाहिल्याचं भगवानरावांना आठवेना. रडू आलं ते त्यांनी टॉवेलनं पुसलं.

एवढ्यात पथक आलं. राखीमॅडम म्हणून एक तरुण अधिकारी, एक फोटोवाला आणि दोन फायली. मॅडमनी झाडं पाहिली, बाक पाहिले, बाकांवरची नावं वाचून "लोकसहभाग छान आहे" म्हणाल्या. मग त्यांची नजर शालूबाईंवर गेली. फोटोवाला पुढं धावला. ज्येष्ठ नागरिकांचा प्रत्यक्ष वापर या रकान्याला दहा गुण होते, आणि तो रकाना जिल्ह्यात अजून कोणत्याच गावात भरला गेला नव्हता.

"सर, मूल्यांकनकर्ते तुम्हीच ना?" मॅडमनी प्रपत्र पुढं केलं. "तुम्ही इथं शून्य दिलंय. मग हे काय आहे?"

राजकुमारच्या कपाळावर घाम. गनीभाई आभाळाकडं पाहत होते. शालूबाई दुसरी फेरी घालत होत्या.

इथं भगवानरावांचं जे चुकलं, ते नकाशाच्या माणसाचंच चुकू शकतं. चौतीस वर्षांत ते एक शिकले होते: एकदा पाहणीत नोंदलेली गोष्ट कोणाला हलवता येत नाही. साधी गटाराची रेघ सरकवायची तरी फेरबदलाचा प्रस्ताव लागतो, हरकती मागवाव्या लागतात, त्यात वर्षं जातात. त्यांनी विचार केला, आज ही वाट जमिनीवर आहे. आत्ता ती कागदावर आली, की मग कोणाच्या बापाची हिंमत आहे? आणि शालूला तर फक्त दोनच महिने पाहिजेत.

"माझी... माझी नजरचूक झाली, मॅडम," ते म्हणाले. त्यांनी शून्यावर रेघ मारली, पुढं शंभर लिहिलं आणि सही केली. ती सही रकान्याबाहेर गेली.

दुपारी तीनला मांडववाला गालिचे न्यायला आला. संध्याकाळी त्याचं लग्न होतं, म्हणजे मांडव त्याचा आणि लग्न दुसऱ्याचं. चारला बायका आपापल्या तुळशी घेऊन गेल्या, दिवा लावायची वेळ व्हायच्या आत. शुक्रवारी गनीभाई रोपं उपटायला आले तेव्हा भगवानरावांशी नजर न मिळवता म्हणाले, "ऑर्डरची हायत, भाऊ. वीस ठेवतो तुमच्यासाठी." ती वीस गोजरबाईच्या म्हशीनं शनिवारी खाल्ली. रविवारी गावात एक म्हातारा वारला, तेव्हा ट्रॅक्टर येऊन बाक घेऊन गेला. लोक उभे होते तिकडं. त्यांना बसायला पाहिजेच ना.

वाट राहिली होती. चार दिवस शालूबाई रोज त्या वाटेवर चालल्या, म्हशीला वळसा घालून. सोमवारी सकाळी जेसीबी आला. मुरूम दुसऱ्या रस्त्याचा होता आणि त्या रस्त्याच्या साहेबाला तो हवा होता. भगवानराव ओळखपत्र घालून जेसीबीच्या तोंडासमोर उभे राहिले.

"फेरबदलाचा प्रस्ताव कोठी हाय?" त्यांनी गरजून विचारलं.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "काका, सरका ना. ऊन होऊन राह्यलं."

"आधी प्रस्ताव दाखव!"

ड्रायव्हर बिचारा खाली उतरला, पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली, हाताला धरून त्यांना ओट्यावर आणून बसवलं आणि परत जाऊन मुरूम भरायला लागला. चाळीस मिनिटांत वाट गेली. आठ दिवसांत गिट्टीही आपल्या जागी परत आली.

भगवानराव नगरपालिकेत गेले. राजकुमारनं चहा मागवला. "काका, आता कसं करू? तुमचीच सही हाय. शंभर पैकी शंभर."

"मग गुण कमी करून घे. मी अर्ज देतो."

"गुण वाढवाचा अर्ज हाय माह्याकडं. कमी कराचा नाही. आजवर कोणी मांगतलाच नाही." त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्यानं तीन कपाटं शोधली. वर फोन लावून विचारलं. वरून उत्तर आलं, की मूल्यांकन बंद झालं असून पुढचं दोन वर्षांनी आहे, तेव्हा नागरिकांनी उत्साह टिकवून ठेवावा.

निकाल चैत्रात लागला. उद्यान क्रमांक सात जिल्ह्यात पहिलं. कॉलनीत पेढे वाटले गेले. ज्यांनी शून्यासाठी भगवानरावांना सुनावलं होतं त्यांनीच येऊन हार घातला. भगवानरावांनी मान खाली घालून तो घालून घेतला, दुसरं करणार काय? शालूबाईंनी पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही.

त्यांनी नवऱ्याला शब्दानं बोल लावला नाही, हे फार वाईट होतं. एकदाच म्हणाल्या, "तुम्ही सही केली तवा मले इचारलं काऊन नाही?"

"तुह्यासाठीच केली, शालू."

"माहीत हाय. म्हणूनच इचाराचं होतं. मी आयुष्यभर मुली दाखवायचे कार्यक्रम पाह्यले. सोफा दुसऱ्या दिवशी परत जाते, हे मले माहीत होतं." मग काठी घेऊन त्या उठल्या आणि फ्रिजच्या दिशेनं चालायला लागल्या. अकरा पावलं, मग वळण. डावा पाय पुन्हा घर झाडायला लागला होता.

वैशाखात कालनिर्णयावरचा गोल आला. डॉक्टरांनी पायावर हातोडी मारून पाहिली, तळव्यावर किल्ली ओढून पाहिली आणि म्हणाले, "आता आहे त्यात सांभाळायचं. पडू देऊ नका." परतीच्या एसटीत शालूबाईंनी खिडकीची जागा मागितली, भगवानरावांनी दिली.

घरी आले तर समोर माणसं काम करत होती. उद्यान क्रमांक सातच्या तोंडावर लोखंडी अँगल रोवून नगरपालिकेनं भलामोठा फलक लावला होता. 'हरित नगर, जिल्ह्यात पहिला क्रमांक.' आणि खाली घराएवढा फोटो: लाल वाट, मागं मोगरे आणि गुलाबं, आणि मधोमध काठी घेऊन चालणाऱ्या शालूबाई. फलक बरोबर त्यांच्या खिडकीसमोर आला होता. त्याच्यामागची म्हैस आणि गिट्टी आता दिसत नव्हती, एवढाच काय तो फायदा.

भगवानरावांच्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नगरपालिकेला आईवरून शिवी दिली. आत जाऊन कपाटातून कापड कापायची मोठी कात्री काढली. "फाडून टाकतो. बाप दाखवतो यायले. होऊ दे काय व्हायचं ते."

"राहू द्या," शालूबाई म्हणाल्या. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"राहू काऊन देऊ? थट्टा लावली हाय आपली!"

"राहू द्या म्हणते ना. अठी या. चष्मा लावा." त्यांनी काठीचं टोक खिडकीतून रोखलं. "पाय पाहा माहा. डावा."

भगवानरावांनी चष्मा लावला. फोटोवाल्यानं नेमका तोच क्षण पकडला होता. उजवा पाय मुरमावर घट्ट टेकलेला, आणि डावा जमिनीवरून सुटलेला, चांगला वीतभर, खाली त्याची सावली वेगळी पडलेली.

"एवढा उचलला होता मी?" शालूबाई म्हणाल्या. "तवा तं मले थोडासाच वाटला होता व बाई."

भगवानरावांनी कात्री कपाटात ठेवली, दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी आणली, आणि अंधार पडून काही दिसेनासं होईपर्यंत दोघं तो पाय पाहत बसले.